बोअरची ऐपत आणि पंपाचा जोर

चैत्र उतरणीला लागला की आमच्या टावर चौकाच्या भोवतालच्या गल्ल्यांतून एक दृश्य हमखास दिसू लागते. एखाद्या इमारतीच्या आवारात लोखंडी तिवई उभी राहते, तिच्या चेनपुलीला पाइप लटकतो, आणि तीन-चार माणसे भर दुपारी घाम गाळीत जमिनीच्या पोटातून जळालेली मोटर वर ओढीत असतात. सज्जांतून बिऱ्हाडकरू पाहात उभे असतात. त्यांच्या चेहऱ्यांवर कुतूहलापेक्षा चिंताच अधिक दिसते. कारण गच्चीवरील टाकीतले पाणी संध्याकाळपर्यंत पुरेल की नाही, हा प्रश्न प्रत्येक घरात सकाळपासून विचारला जात असतो.

गेल्या वर्षी ती तिवई आमच्याच आवारात उभी होती, आणि दोन वर्षांतील ती तिसरी खेप होती. आमची इमारत चार मजल्यांची. खाली वाहनतळ, वर चोवीस बिऱ्हाडे, सारी मिळून एकशेदहा माणसे. त्याच रात्री जिन्याखाली सभा भरली. चिटणीसांनी प्रस्ताव मांडला की, पाच अश्वशक्तीचा पंप ह्या इमारतीला कमी पडतो, म्हणून तो वारंवार जळतो. सबब या वेळी साडेसात अश्वशक्तीचा घ्यावा. शेजारच्या इमारतीत तसाच आहे, हेही त्यांनी सांगितले. बहुतेकांनी माना डोलावल्या. वर्गणीचा आकडाही ठरू लागला.

तेवढ्यात तळाशी खुर्ची टाकून बसलेल्या पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी विचारले, "अहो, मोटर किती घोड्यांची आणायची ते ठरवताय, पण बोरिंगात पाणी येतं किती, हे कुणी मोजलंय का? आमच्या वाड्यातली विहीर सासूबाई सकाळी उपसायच्या आणि मग तिसऱ्या प्रहरी. मधे तिला हात लावू द्यायच्या नाहीत. म्हणायच्या, तिला दम घेऊ दे."

सभा गप्प झाली. कोणीही मोजले नव्हते. बोअर किती खोल आहे यावरही एकमत नव्हते. कोणी तीनशे फूट म्हणे, कोणी साडेचारशे. खोदाईच्या वेळचा कागद सापडेना. आणि येथे मला एक कबुली दिली पाहिजे. ज्या मनुष्याने आयुष्यभर विद्यार्थ्यांना जलगतिशास्त्र शिकविले आणि जो ह्या सदरातून वाचकांना घरातील यंत्रांविषयी चार गोष्टी सांगत असतो, त्याची सहीदेखील त्या पाच अश्वशक्तीच्या खरेदीच्या कागदावर होती. विकणाऱ्याने सांगितले आणि आम्ही मान्य केले. काकूंनी विचारलेला प्रश्न मी विचारावयास हवा होता.

तेव्हा या महिन्यात त्या प्रश्नाचे उत्तर कसे काढले ते सांगतो. आकडे आमच्या इमारतीचे आहेत. रीत कोणत्याही इमारतीला लागू पडेल.

प्रथम आमच्या भूमीविषयी थोडे. मालव्यात पावलोपावली भाकर आणि पाणी मिळते, अशा अर्थाची लोकोक्ती येथे लहान मुलांनाही ठाऊक असते. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरास नेली, तरी अनेक मराठी घराणी उज्जयिनीतच राहिली. त्यांच्या वाड्यांतून विहिरी होत्या आणि त्या विहिरींना पाणी होते. गावात रुद्रसागर, क्षीरसागर, गोवर्धनसागर, विष्णुसागर असे सात 'सागर' म्हणजे तलाव होते. त्यांत साठलेले पावसाचे पाणी वर्षभर भूमीत मुरत राही. आज क्षिप्रेचा प्रवाह पावसाळ्यानंतर क्षीण होतो. गावाची मुख्य तहान गंभीर नदीवरील धरण भागविते. त्याचा साठा भरल्यावर २,२५० दशलक्ष घनफूट असतो. २०१४ साली नर्मदेचे पाणी उचलून क्षिप्रेत सोडण्याची योजना सुरू झाली आणि २०१६ च्या सिंहस्थात त्याच पाण्यात स्नाने झाली. पुढला सिंहस्थ २०२८ मध्ये येतो आहे. असे असूनही, ज्या वर्षी पाऊस कमी होतो त्या वर्षी उन्हाळ्यात नळ एक दिवसाआड येतो, आणि मग प्रत्येक इमारत आपापल्या बोरिंगकडे वळते.

ह्या बोरिंगच्या तळाशी काय आहे? पुष्कळांची कल्पना अशी असते की खाली कोठेतरी पाण्याचा मोठा हौद किंवा वाहती नदी आहे; पाइप तेथपर्यंत पोहोचला की झाले. वस्तुतः आपण काळ्या पाषाणावर राहतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर पसरले आणि थिजले. सह्याद्रीचा कातळ आणि मालव्याचे पठार ही एकाच कुळातली. हा कातळ स्वतः पाणी धरीत नाही. पाणी असते ते त्याच्या भेगांत, वरच्या कुजलेल्या मुरमात, आणि दोन थरांच्या सांध्यावरील सच्छिद्र भागात. सहा इंची बोअर अशा दोन-चार भेगांना छेदून गेला तर पाणी लागते, न गेल्यास शेजारी विपुल पाणी असूनही आपला बोअर कोरडा राहतो. म्हणूनच शेजारच्या इमारतीचा पंप हे आपल्यासाठी प्रमाण होऊ शकत नाही. आणि भेग जेवढे पाणी झिरपू देईल त्याहून एक तांब्याही अधिक, कोणतीही मोटर लावली तरी, मिळणार नाही.

अश्वशक्ती हा शब्दच आपली दिशाभूल करतो. जेम्स वॅट याने आपल्या वाफेच्या यंत्राची तुलना कामाच्या घोड्यांशी करण्यासाठी हे माप रूढ केले. ते काम करण्याच्या वेगाचे माप आहे. घोडा पाणी ओढतो. पाणी निर्माण करीत नाही. तेव्हा पहिला प्रश्न घोड्यांचा नव्हे, बोअरच्या ऐपतीचा.

ती मोजण्यासाठी आम्ही एक चाचणी-पंप भाड्याने आणला आणि त्याच्या तोंडाशी झडप, म्हणजे व्हॉल्व्ह, बसविला. दोनशे लिटरचे एक पिंप, एक घड्याळ, आणि पाण्याची पातळी पाहण्यासाठी खुणा केलेली दुहेरी तार एवढेच बाकीचे साहित्य. तारेचे टोक पाण्याला टेकले की वरच्या बॅटरीवर चालणारी छोटी घंटी वाजते. तार जेवढी आत गेली तेवढी पातळी खोल. ही तार मोटरीच्या पाइपात गुरफटू नये म्हणून तिच्यासाठी वेगळी बारीक नळी सोडावी लागते. वाचकांनी नवीन पंप बसविताना ही नळी अवश्य टाकून घ्यावी. तिचा खर्च किरकोळ असतो, आणि पुढे दरवर्षी आपल्या बोअरची नाडी पाहता येते.

मोजणीत आढळले ते असे. बोअर तीनशे फूट खोल निघाला. पंप न चालविता पाणी नव्वद फुटांवर उभे होते. आदल्याच रात्री तेथे दोन-तीन लिटरचाही उपसा झाला नव्हता, म्हणून ही खरी स्थिर पातळी. झडप पूर्ण उघडून पंप चालविला, तेव्हा पाइप भरभरून वाहू लागला आणि पाहणाऱ्यांनी समाधानाने एकमेकांकडे पाहिले. आठव्या-नवव्या मिनिटाला पाण्यात हवा येऊ लागली, पाइप खोकू लागला, आणि धार तुटली. पातळी पुन्हा वर येण्यास दीड तास लागला.

नंतर झडप आवळून पुन्हा आरंभ केला. मिनिटाला शंभर लिटर काढले तर पातळी थांबत नव्हती, घसरतच होती. मिनिटाला साठ लिटरांवर आणले, म्हणजे पिंप भरण्यास तीन मिनिटे वीस सेकंद लागू लागली, तेव्हा पातळी एकशेसाठ फुटांवर येऊन स्थिरावली आणि पुढचे चार तास तेथेच राहिली. हीच चैत्रातील आमच्या बोअरची ऐपत: मिनिटाला साठ लिटर. जे पाणी पहिल्या आठ मिनिटांत धो-धो आले होते ते भेगांतून आलेले नव्हते. ते नळीत आधीपासून साठलेले होते. म्हणून पाच-दहा मिनिटे पाणी काढून 'भरपूर पाणी आहे' असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. किमान तीन-चार तास पातळी एका जागी उभी राहिली पाहिजे.

ह्या दोन आकड्यांतून जुन्या पंपाच्या मृत्यूचे कारणही उलगडले. सहा इंची बोअरच्या एका फुटात साधारण साडेपाच लिटर पाणी मावते. पंप दोनशेतीस फुटांवर टांगलेला होता. म्हणजे नव्वद फुटांपासून तेथपर्यंत एकशेचाळीस फुटांत सुमारे पावणेआठशे लिटरांचा साठा. पाच अश्वशक्तीचा पंप या उंचीवर मिनिटाला एकशेसाठ लिटरांच्या आसपास पाणी फेकतो. आत येतात साठ. दर मिनिटाला शंभर लिटरांची तूट. पावणेआठशेला शंभरांनी भागा: पावणेआठ मिनिटे. घड्याळाने दाखविले तेच गणिताने सांगितले.

आता सबमर्सिबल मोटरीची रचना अशी असते की ती पंपाच्या खाली, पाण्यातच बुडालेली असते, आणि तिच्या अंगावरून वाहणारे पाणीच तिला थंड ठेवते. पाणी तुटले की ती आपल्याच उष्णतेने भाजू लागते. शिवाय सुरू होण्याच्या क्षणी मोटर नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह खेचते. आमची दिवसाची गरज भागविण्यासाठी पहारेकऱ्याला ती दिवसातून बारा-बारा वेळा सुरू करावी लागे, आणि बहुतेक वेळा ती कोरडी पडल्यावरच त्याच्या कानांना कळे. साडेसात अश्वशक्तीची आणली असती तर ती पाच-सहा मिनिटांतच कोरडी पडली असती. दुबळेपणामुळे नव्हे, अतिबळामुळे आमच्या मोटरी जळाल्या होत्या.

दुसरा प्रश्न गरजेचा. भारतीय मानक संस्थेच्या निकषानुसार शहरातील घरगुती वापरासाठी माणशी दररोज १३५ लिटर धरतात. त्यांतील ४५ लिटर केवळ शौचकूपाच्या टाकीत जातात. एकशेदहा माणसांना १३५ ने गुणले की १४,८५० होतात. आपण पंधरा हजार लिटर धरू. नळाचे पाणी आले तर ही गरज पुष्कळ कमी होते. परंतु हिशेब नळ न येणाऱ्या दिवसाचाच करावा.

मिनिटाला साठ लिटरांनी पंधरा हजार लिटर काढण्यास चार तास दहा मिनिटे पुरतात. म्हणजे आमचा बोअर गरीब नव्हता! त्याच्याकडून आठ मिनिटांत जे मागितले जात होते, ते त्याने चार-पाच तासांत सुखाने दिले असते. परंतु ज्येष्ठापर्यंत पातळी आणखी खाली जाणार, भेगा रोडावणार. म्हणून आम्ही साठाऐवजी पन्नास लिटर धरले. पंधरा हजारांस पाच तास. अडीच तास पहाटे, अडीच तास तिसऱ्या प्रहरी, मध्ये बोअरला विसावा. काकूंच्या सासूबाईंचे वेळापत्रक ते हेच.

तिसरा प्रश्न उंचीचा, आणि येथे सर्वाधिक चुका होतात. पाणी किती उचलावयाचे हे पंप किती खोल टांगला आहे यावरून ठरत नाही. पंप चालू असताना पाण्याची पातळी जेथे स्थिरावते तेथून ते मोजावयाचे. आमची चैत्रातील चालू पातळी एकशेसाठ फूट. वैशाख-ज्येष्ठासाठी आणखी तीस फूट धरले, तर एकशेनव्वद फूट, म्हणजे ५८ मीटर. जमिनीपासून गच्चीवरच्या टाकीच्या तोंडापर्यंत १८ मीटर. पाइपात घासून वाया जाणाऱ्या जोराबद्दल ४ मीटर. एकूण ८० मीटर.

हे शेवटचे चार मीटर क्षुल्लक वाटतील. पण ते पाइपाच्या व्यासावर अवलंबून आहेत. आमचा पाइप ४० मिलिमीटर व्यासाचा, सुमारे शंभर मीटर लांबीचा. त्याच पाण्याला २५ मिलिमीटरचा, म्हणजे एक इंची, पाइप दिला असता तर घर्षण जवळजवळ दहापट झाले असते. पाइपात वाचविलेले पैसे मग दरमहा विजेच्या देयकात भरावे लागतात. जुन्या लोखंडी पाइपात आपल्या जड पाण्याच्या क्षाराची पुटे चढली असतील तर व्यास आपोआपच आकसलेला असतो. पंप बदलताना पाइपात डोकावून पाहावे.

चौथी पायरी अश्वशक्तीची. आणि ती आता केवळ भागाकार-गुणाकार उरली. सेकंदाला किती लिटर, त्यास मीटरमधील उंचीने गुणावे आणि ७५ ने भागावे. मिनिटाला पन्नास म्हणजे सेकंदाला ०.८३ लिटर. त्यास ८० ने गुणले की ६६ होतात. ७५ ने भागले की ०.८८. ही झाली पाण्याला प्रत्यक्ष लागणारी शक्ती. लहान पंप स्वतः साधारण अर्धी शक्ती गिळतो, म्हणून दुप्पट करा: पावणेदोन. बाजारात मिळणारे त्यापुढचे माप दोन अश्वशक्ती. चोवीस बिऱ्हाडांच्या चार मजली इमारतीला दोन घोडे पुरे होते. आम्ही पाच आणून मारले होते आणि साडेसात आणावयास निघालो होतो.

सभेत हा आकडा सांगितला तेव्हा चिटणीसांचा विश्वास बसेना. "भाऊसाहेब, दोन घोड्यांत चौथा मजला? नळ उघडला तर थेंब थेंब येईल," असे ते म्हणाले. त्यांची शंका स्वाभाविक होती आणि पुष्कळांची असते. नळाची धार गच्चीवरच्या टाकीच्या उंचीवर अवलंबून असते. पंपाचे काम टाकी भरणे, मग ती तासात भरो की पाच तासांत. तेव्हा जे मोटरीच्या आकाराकडून मागत होतो ते टाकीच्या आकाराकडून मागावे. आम्ही उरलेल्या पैशांतून गच्चीवर आणखी एक टाकी बसविली. अर्थात, स्लॅब तो भार पेलेल असे स्थापत्य अभियंत्याने पाहून सांगितल्यावरच.

खरेदीच्या वेळी एक सावधगिरी बाळगावी. पंपाच्या वेष्टनावर 'कमाल उंची १२० मीटर' आणि 'कमाल पाणी तासाला इतके हजार लिटर' असे दोन्ही आकडे ठसठशीत छापलेले असतात. ते दोन्ही एका वेळी मिळत नाहीत. कमाल उंची गाठली की पाणी शून्य. कमाल पाणी पाहिजे असेल तर उंची नगण्य. कारखान्याच्या तक्त्यात प्रत्येक उंचीसमोर पाण्याचा आकडा असतो. आपल्या उंचीपुढे आपले पाणी ज्या पंपात तक्त्याच्या मधल्या भागात येते, तो आपला. दुकानदाराने तक्ता दाखविला नाही तर दुसऱ्या दुकानात जावे. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि पुढे तेथे पंप बनू लागले, तेव्हापासून मराठी शेतकरी हे तक्ते वाचीत आला आहे. इमारतीत राहणाऱ्या सुशिक्षितांनी ते वाचू नयेत याला कारण नाही.

बसविताना आणखी तीन गोष्टी पाहाव्यात. पंप तळाशी टेकवू नये. गाळापासून दहा-पंधरा फूट तरी वर असावा. बाहेरच्या पाइपात उलट प्रवाह रोखणारी झडप असावी, नाहीतर मोटर थांबताच शंभर मीटर पाइपातील पाणी तिच्या पात्यांवर कोसळते. आणि स्टार्टरमध्ये पाणी तुटताच मोटर बंद करणारे ड्राय-रन यंत्र असलेच पाहिजे. पहारेकऱ्याच्या कानांवर हे काम सोपवू नये. तो बिचारा रात्री जागतो आणि दुपारी झोपतो.

विजेचा हिशेबही करून पाहिला. पंधरा हजार लिटर पाणी म्हणजे पंधरा टन वजन. ते दररोज सत्तर-ऐंशी मीटर वर चढविण्यास, सारे नुकसान धरून, सात-आठ युनिटांच्या आसपास वीज लागते. बैलांच्या मोटेने शेत भिजविणाऱ्या आपल्या पूर्वजांना हा सौदा स्वप्नवत वाटला असता. त्यांना त्यात एक धोकाही दिसला असता, असे मला वाटते. आणि तो आम्हाला चाचणीच्याच दिवशी दिसला.

आमच्या कुंपणापलीकडे एक जुना बंगला आहे. त्याच्या आवारात विहीर आहे आणि तेथील वृद्ध दांपत्य आजही वरकामाला तिचे पाणी वापरते. चाचणीच्या सकाळी मी त्यांना विनंती केली होती की, विहिरीत दोरी सोडून पातळी पाहून ठेवावी आणि संध्याकाळी पुन्हा पाहावी. संध्याकाळी आजोबा स्वतः दोरी घेऊन कुंपणापाशी आले. दोन गाठींमधील अंतर दीड वीत भरले. त्यांनी तक्रार केली नाही. एवढेच म्हणाले, "गेली दोन वर्षं दुपारी आमच्या विहिरीचं पाणी खाली जातं नि रात्री चढतं. आम्हाला वाटलं, विहीर म्हातारी झाली."

त्या रात्री मी आणखी एक हिशेब केला. आमची गच्ची सुमारे चारशे चौरस मीटरांची. उज्जैनीत वर्षाला साधारण ९०० मिलिमीटर पाऊस पडतो. उडून व सांडून जाणारे वजा केले तरी गच्चीवर पावणेतीन-तीन लाख लिटर पाणी उतरते. आणि बोअरकडून आम्ही दिवसाला पंधरा हजार लिटर मागितले तर वर्षाला मागतो जवळजवळ पंचावन्न लाख. म्हणजे आपल्या डोक्यावर पडते त्याच्या एकोणीसपट आपण पायाखालून घेऊ शकतो! मग उरलेले अठरा भाग कोणाचे? आजोबांच्या विहिरीचे, शेजारच्या इमारतीचे, रस्त्यापलीकडल्या शाळेच्या हातपंपाचे. जमिनीवर प्रत्येकाने कुंपण घातले आहे. कातळातल्या भेगांना कुंपण नाही. मोठा पंप लावणारा नवे पाणी काढीत नाही. शेजाऱ्याच्या आधी काढतो, एवढेच. आणि मग शेजारीही त्याहून मोठा लावतो.

मध्य प्रदेशात पेयजल परिरक्षणाचा कायदा १९८६ पासून आहे. टंचाईच्या काळात जिल्हाधिकारी एखादे क्षेत्र जल-अभावग्रस्त घोषित करतात आणि मग परवानगीवाचून नवे बोरिंग खोदता येत नाही. म्हणून उन्हाळ्यात घाईने नवा बोअर खोदण्याचा विचार करणाऱ्यांनी प्रथम त्या आदेशाची चौकशी करावी. परंतु कायदा मोटरीच्या घोड्यांची मोजदाद करीत नाही. ती आपली आपणच करावयाची असते.

आम्ही शेवटी दोन अश्वशक्तीचा पंप बसविला. आवारात एक जुना, निकामी बोअर होता. त्यात गच्चीचे पावसाचे पाणी वाळू-खडीच्या गाळणीतून सोडण्याची व्यवस्था केली. त्यात केवळ गच्चीचे स्वच्छ पाणीच जाते. अंगणातले धुण्याचे पाणी अशा नळीत कदापि सोडू नये, अन्यथा साऱ्या आळीच्या पिण्याच्या पाण्यात विष कालविल्यासारखे होईल. त्याचे तोंड मात्र झाकणाने घट्ट बंद आहे. उघड्या बोअरमध्ये पडून देशात कितीतरी बालके गेली, आणि त्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सूचना दिल्या. तरी उघडी तोंडे आजही दिसतात. आपल्या इमारतीच्या मागे एकदा फिरून पाहावे.

पुढे काय झाले हे वाचकांना जाणून घ्यावेसे वाटेल. वैशाखाच्या शेवटी मी पुन्हा तार सोडून पाहिली. स्थिर पातळी एकशेवीस फुटांवर गेली होती आणि बोअर मिनिटाला पंचेचाळीस लिटरच देत होता. झडप थोडी आवळली. पाच तासांचे साडेपाच तास झाले. मोटर जळली नाही. सारे सुरळीत झाले असे मात्र म्हणणार नाही. ज्येष्ठात पाऊस लांबला तेव्हा आम्हाला दोनदा टँकर मागवावा लागला, आणि माणशी १३५ लिटरांचा आकडा शंभरावर आणण्याचा ठराव करावा लागला. त्या ठरावाला सर्वांत कडाडून विरोध ज्यांनी केला त्यांच्याच घरातील शौचकूपाची टाकी गळत होती, हे नंतर उघडकीस आले. साडेसात घोड्यांच्या पंपाने ती गळती आणखी काही वर्षे झाकून ठेवली असती.

आषाढात आजोबांनी कुंपणावरून हाक मारून सांगितले की विहिरीचे पाणी आता दुपारी हलत नाही. काकूंना ते सांगितले, तर त्या म्हणाल्या, "मग आता त्या दोरीच्या गाठी सोडू नका म्हणावं. पुढच्या चैत्रात लागतील."

त्या गाठी आम्ही सोडलेल्या नाहीत. जिन्याखाली एक वही टांगली आहे. तिच्यात दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बोअरची पातळी आणि पिंप भरण्यास लागलेली मिनिटे लिहिली जातात. पहिल्या पानावर बोअरची खोली, केसिंगची लांबी, पंपाचे माप आणि तो बसविल्याची तारीख आहे. नवीन चिटणीस येतील, आम्ही जाऊ. पुन्हा कोणी तीनशे फूट की साडेचारशे अशा वादात पडू नये. ज्या इमारतींत अशी वही नसेल त्यांनी या पावसाळ्यापूर्वी एक आणावी. पंप घेण्याची वेळ आली तर दुकानात जाताना पैशांबरोबर तीही न्यावी.

असो. गच्चीवरच्या टाकीत तळाशी साचणारा गाळ आणि ती धुण्याची रीत, याविषयी पुढील अंकी.